साहेबाच्या नावचा नवस

हल्ली कुठल्याही सभागृहात गेलं की कोणीतरी टाय लावलेला माणूस पडद्यावर वरखाली जाणाऱ्या रेघा दाखवतो आणि सांगतो, जागतिकीकरण आपल्याकडे नव्वदच्या दशकात आलं. मी मागच्या रांगेत बसून ऐकतो, चहाबिस्कीट असेल तर घेतो आणि घरी येतो. वाद घालण्याचं माझं वय राहिलेलं नाही. पण खरं सांगायचं तर रत्नागिरीजवळच्या आमच्या गावात ते ऐंशीच्या दशकातच येऊन गेलं होतं. मुंबईहून टॅक्सीनं आलं, कशेडी घाटात ओकलं, खेडच्या पुढे झोपलं आणि काकांच्या ओटीवर टेकताच त्यानं सोडा मागितला. सोडा आमच्याकडे नव्हता. कोकम सरबतावर त्याची सोय लावण्यात आली.

तो इंग्लंडमधला एक कारखानदार होता. पन्नाशीचा, उंच, हाडकुळा आणि भर उन्हाळ्यात कोट घातलेला. मी तेव्हा रत्नागिरीला कॉमर्स शिकत होतो. ‘उद्योजक म्हणजे जोखीम पत्करणारा माणूस’ ही व्याख्या आमच्या सरांनी नुकतीच उतरवून दिली होती आणि आम्ही ती लाल शाईनं अधोरेखित केली होती. विकसित देशातला अस्सल उद्योजक मी पहिल्यांदाच पाहत होतो. तो ओटीवरच्या कोंबडीला भीत होता.

त्याचं आणि आमचं नातं कैरीचं. काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. त्यांच्या वाट्याला हापूसची झाडं मोजकी आली होती, रायवळ मात्र ढीगभर. रायवळची कैरी वाऱ्यानं पडते, पोरं तिच्यावर मीठ-तिखट टाकून दात आंबवून घेतात, उरलेली गुरं खातात. या पलीकडे तिला भविष्य नव्हतं. काकांनी मुंबईच्या एका दलालाच्या नादानं ती गोळा करायला सुरुवात केली. देवळासमोर रस्त्यापलीकडे एक शेड घातली. वाडीतल्या बायका तिथं बसून कैऱ्या चिरायच्या, बाठे काढायच्या, फोडी मिठाच्या पाण्यात घालून पिंपं भरायच्या. पिंपं मुंबईला, तिथून बोटीनं साहेबाच्या देशात. हापूसवाल्या बागायतदारांनी नाकं मुरडली. “पडक्या कैरीचा व्यापारी,” असं ते काकांना म्हणायचे, अर्थात काका पुरेसे लांब गेल्यावर. काकांच्या तोंडाला लागायची कोणाची छाती नव्हती.

साहेब त्या फोडींचं करतो काय, यावर गावात बरेच तर्क होते. कोणी म्हणे गुरांना घालतो, कोणी म्हणे दारू काढतो. प्रत्यक्षात तो त्या धुऊन साखर, व्हिनेगर, आलं आणि बेदाणे घालून शिजवत होता आणि बाटलीत भरून चटणी म्हणून विकत होता. चटणी! राज्य परत दिलं, शब्द काही परत दिला नव्हता. त्याच्या आजोबानं हा धंदा काढला होता. बाटलीवर आजोबाचं चित्र होतं, भरघोस मिशांचं, आणि मागे एक हत्ती. आजोबा हिंदुस्थानात कधी आला नव्हता. हत्तीचंही काही सांगता येत नाही.

साहेबानं खिशातून कारखान्याचा फोटो काढला. आम्ही सगळे वाकून पाहू लागलो. इंग्लंडातला कारखाना म्हणजे धुराडी असतील, भोंगे असतील, दारात गुरखा असेल अशी आमची कल्पना. फोटोत एक लाल विटांची बसकी इमारत, दारावर एक पितळी घंटा, आणि घंटेखाली पांढऱ्या टोप्या घातलेल्या वीस-पंचवीस बायका हसत उभ्या.

“एवढासाच?” काका म्हणाले. “अरे, आपल्या इथला काजूचा कारखाना ह्याच्यापेक्षा मोठा हाय. विचार त्याला, बाकीचा कुठाय?”

बाकीचा नव्हता. तेवढाच होता. रोज सकाळी ती घंटा आधी आजोबा वाजवायचा, मग वडील, आणि आता हा. घंटा झाली की समोरच्या घरांतल्या बायका रस्ता ओलांडून कामाला येत. त्यातल्या एकदोघी तर याला पाळण्यात असल्यापासून ओळखत होत्या. हे सांगताना तो एकेका टोपीवर बोट ठेवून नाव घेत होता. काकू पदराला हात पुसत बघत होती. “बरा हाय हो माणूस,” ती म्हणाली. “कोंबडीला भितो तेवढंच.”

आता हा बरा माणूस एवढा घाट चढून-उतरून आमच्याकडे कशाला आला, ते जेवताना कळलं. मी दुभाष्या होतो. काकांचं निम्मं बोलणं गाळून बाकीचं इंग्रजीत सांगायचं, हे माझं काम.

पूर्वी त्याची चटणी गल्लीगल्लीतल्या छोट्या दुकानांत जायची. मग एक मोठं दुकान निघालं, त्याच्या गावोगाव शाखा झाल्या आणि छोटी दुकानं मिटली. आता माल घेणारं एकच गिऱ्हाईक उरलं होतं. ते गिऱ्हाईक म्हणत होतं, भाव उतरवा, नाहीतर आमच्या दुकानाच्या फळीवरून खाली उतरा. आम्हाला दुसऱ्या मुलुखांतून याहून स्वस्त चटणी मिळते.

“मग दुसऱ्या दुकानात घाल म्हणावं,” काका म्हणाले.

मी विचारलं. साहेब म्हणाला, “दुसरं दुकान राहिलेलं नाही.”

काकांनी घास तसाच धरून ठेवला. आम्ही आजवर ऐकत आलो होतो की खेड्यातला माणूस एका व्यापाऱ्याच्या मुठीत असतो, म्हणून तो मागासलेला. विकसित देशातला माणूसही एकाच व्यापाऱ्याच्या मुठीत असतो, फक्त तो व्यापारी दुकानात गालिचा घालतो, ही माहिती आमच्या पुस्तकात नव्हती. साहेब म्हणाला, निघताना मी बायकांना शब्द देऊन आलोय, कोणालाही घरी पाठवणार नाही. मधला दलाल काढून टाकला आणि फोडी थेट तुमच्याकडून घेतल्या तर कदाचित जमेल. एवढ्याचसाठी तो आला होता. कारखाना वाचवायला.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. काका फोडी थेट द्यायला तयार होते. दलालाबद्दल ते जे बोलले ते मी इंग्रजीत आणलं नाही, पण साहेबाला भाव कळला आणि तो पहिल्यांदा हसला. तेवढ्यात काकूनं त्याच्या पानात मेथांबा वाढला.

मेथांबा ही आमच्याकडची साधी गोष्ट. कैरी, गूळ, मेथ्या, फोडणी. पाहुणा आला, भाजी कमी पडली, की वाढायचा. साहेबानं बोटानं चाटून पाहिला. मग पुन्हा घेतला. मग चमचा मागितला. कितीचा झाला, किती वेळ लागतो, किती दिवस टिकतो, असं तो विचारू लागला आणि काका फुलत गेले. आमच्या माणसाला पाहुण्यासमोर फुलायला निमित्त लागत नाही.

“हे? हे काय!” काका म्हणाले. “हे तर आमच्याकडे घरोघर करतात. त्याला सांग, तुला फोडी कशाला हव्यात? तुझी चटणी आम्ही इथंच शिजवून देतो. पाहिजे तेवढी. बायका हायत, लाकडं हायत, कैरी हाय. तू नुसती बाटलीत भर.”

मी भाषांतर केलं, आणि चांगलं केलं. साहेबानं चमचा पानात ठेवला. पाहुणचाराच्या भरात आपण समोरच्याच्या धंद्यात सुरी खुपसली हे काकांच्या गावीही नव्हतं. ते त्याला आणखी भात वाढायला सांगत होते.

साहेब चार दिवस आमच्याकडे राहिला. सकाळी शेडमध्ये जाऊन बायकांचं चिरणं पाहायचा, दुपारी ओटीवर बसून कागदावर आकडे मांडायचा आणि संध्याकाळी फोटो काढून बघायचा. त्याचं त्रांगडं मला समजत होतं. शिजवायचं काम इथे आणलं तर भाव उतरत होता, फळी टिकत होती. पण त्याच्याकडे निम्म्या बायका शिजवायच्या आणि निम्म्या बाटल्यांत भरायच्या. निम्म्यांना ठेवायचं तर निम्म्यांना काढायचं. दिलेला शब्द असा मधोमध चिरायचा होता.

“एवढा घोळ घालायचा कशाला?” काका शेवटी म्हणाले. “कौल लावू.”

कौल म्हणजे आमच्याकडचा शेवटचा शब्द. गुरव देवाच्या अंगावर उजवीकडे आणि डावीकडे फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो, प्रश्न विचारतो, आणि उजवी पडली की हो, डावी पडली की नाही. लग्नं, घरबांधणी, विहिरी, कोर्टकचेऱ्या, सगळं त्यावर चालतं. मी साहेबाला समजावून सांगितलं. मला वाटलं तो हसेल. तो म्हणाला, माझ्या सल्लागारानं ह्याच प्रश्नाचे भरपूर पैसे घेतले आणि शेवटी ‘परिस्थितीनुसार ठरवा’ असं सांगितलं. इथे निदान हो किंवा नाही तरी मिळेल.

देवळात अर्धा गाव जमला. साहेबानं बूट काढले, पायमोजे काढू की नको ते मला विचारलं. देवाला इंग्रजी कळेल का, अशी एकानं शंका काढली. गुरव म्हणाला, “मुंबैस्न येणारी आपली पोरं काय बोलत्यात ती कळतंय त्येला, मंग हे काय.” प्रश्न मराठीतून घातला गेला. सायबाची चूल हिकडं आणावी काय? आम्ही सगळे पाकळ्यांकडे बघत राहिलो. साहेब तर श्वास रोखून उभा होता. बराच वेळ काही झालं नाही आणि मग उजवी पाकळी सुटून खाली आली.

काकांनी टाळीच वाजवली. पण कौलानंतर गाऱ्हाणं घालायचं असतं. नुसतं हो म्हणून देवाला सोडायचं नसतं, पुढचं सगळं त्याच्या कानावर घालायचं असतं. काय मागायचं ते काका गुरवाच्या कानात सांगत होते आणि गुरव खणखणीत आवाजात म्हणत होता.

“बा म्हाराजा! आज ह्यो परमुलखाचा सायेब तुज्या पायरीशी आलाय!”

“व्हय म्हाराजा!” सगळे म्हणाले.

“त्येच्या मालावर कुनाची वाकडी नजर आसंल ती दूर कर म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“त्येचा माल घरोघरी जाऊ दे, त्येच्या आजाचं नाव गावोगाव होऊ दे, त्या मोठ्या दुकानदाराची फळी त्येच्याशिवाय रिकामी दिसू दे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” या खेपेला साहेबही आमच्याबरोबर म्हणाला. उच्चार जमला नाही, पण दम होता.

“आनि तू हे केलंस, तर ह्यो सायेब सोता येऊन तुज्या दारात घंटा बांधील म्हाराजा!”

हा नवस काकांनी परस्पर बोलून टाकला होता. मी साहेबाला सांगितलं, तुझ्या नावानं एक करार झालाय, काम झालं की इथे येऊन घंटा बांधायची. साहेब गंभीरपणे म्हणाला, जरूर. आणि त्यानं गुरवाशी हस्तांदोलन केलं. गुरवानं नंतर तो हात सोवळ्यातला होता म्हणून पुन्हा आंघोळ केली, पण ते साहेब गेल्यावर.

पुढच्या हंगामाआधी साहेबाच्या कढया बोटीनं आल्या. आजोबाच्या वेळच्या, तांब्याच्या, आत माणूस बसेल एवढ्या मोठ्या. ट्रकमधून उतरवताना बघायला शाळा सुटली. काकूनं त्यांना हळदकुंकू लावलं. साहेबाच्या आजोबानं कुठूनशी अंदाजानं जमवलेली चटणी आता खऱ्या कैरीच्या मुलुखात, खऱ्या कैरीवाल्या बायका शिजवू लागल्या, आणि पहिला खटका तिथंच उडाला. काकूला ती चटणी पटेना. मेथी नाही, मोहरी नाही, फोडणी नाही, नुसती साखर आणि आंबट पाणी. “हे आजाऱ्याचं खाणं हाय,” ती म्हणायची. साहेबानं निक्षून सांगितलं होतं, चवीत फरक नको, आमच्या लोकांना अस्सल हिंदुस्थानी चव लागते. तेव्हा काकू ती अस्सल चव नाक मुरडत शिजवायची आणि घरी येऊन मेथांबा खायची.

शेडला तेजी आली. वाडीतल्या बायकांना पाऊस लागेपर्यंत काम मिळू लागलं. काका जीप घेण्याच्या गोष्टी करू लागले. नाक मुरडणारे बागायतदार आता काकांना ‘एक्स्पोर्टर’ म्हणू लागले, तेही काका जवळ असताना. मला बँकेत नोकरी लागली, म्हणजे जोखीम न पत्करणाऱ्यांच्या जमातीत मी रीतसर दाखल झालो. साहेबाचं अधूनमधून पत्र यायचं, हवापाण्याचं. शिजवणाऱ्या बायकांचं काय झालं हे त्यात नसायचं आणि आम्हीही विचारलं नाही. पुढे पिंपं उतरवण्याचा पत्ता बदलला. का, ते कोणी सांगितलं नाही. काका म्हणाले, मोठं गोदाम घेतलं असेल, बरकत आली.

मग शेजारच्या वाडीतला बोटीवर काम करणारा एकजण सुट्टीवर आला. त्यानं काकांसाठी इंग्लंडच्या बंदरातून भेट आणली होती. पिशवीत हात घालून त्यानं बाटली बाहेर काढली. त्याच मिशा, तोच हत्ती. “काका, काय सांगू,” तो म्हणाला, “ज्या बंदरात उतरलो, ज्या दुकानात शिरलो, तिथं हे म्हातारं फळीवर बसलेलं. घरोघर खातात.”

त्या दिवशी आमच्या ओटीवर सण होता. बाटली हातोहात फिरली. गुरवानं ती कपाळाला लावली. घरोघरी माल, गावोगावी आजाचं नाव, फळीवर ठाण. गाऱ्हाण्यातला शब्दन् शब्द खरा झाला होता. काकांचा आनंद क्षणभर टिकला आणि मग त्यांचं कपाळ आठ्यांनी भरलं.

“नवस राहिलाय,” ते म्हणाले. “देवानं त्याचं काम केलं, सायबानं घंटा बांधली नाय. असं ठेवणं बरं नव्हे. बोललो मी हाय, माझ्या अंगावर येईल.”

मी रजेवर घरी आलो होतो. काकांनी मला समोर बसवलं आणि साहेबाला पत्र लिहून घेतलं. देवानं ऐकलं, तुमची भरभराट आम्हाला कळली, गावातर्फे अभिनंदन, तरी घंटा घेऊन लवकर यावे. ‘लवकर’ खाली रेघ मारायला लावली. असलं पत्र आमचाच गाव पाठवू जाणे.

साहेब आला. या वेळी टॅक्सीनं नाही, एसटीनं. मुंबईहून रातराणी पकडून आला, कोट तोच, आत माणूस अर्धा. हातात एक जड गाठोडं होतं, ते त्यानं प्रवासभर मांडीवर ठेवलं होतं. काका त्याला मिठी मारायचेच बाकी होते. “बघ, कसा हडकलाय,” काकू म्हणाली. “श्रीमंत माणसं जेवत नायत.” तिनं मेथांबा पुढे केला. त्यानं हात जोडून नको म्हटलं.

जेवण झाल्यावर त्यानं मला ओटीच्या कडेला बोलावलं आणि सांगितलं. शिजवणाऱ्या बायका त्यानं पहिल्याच वर्षी घरी पाठवल्या. भरणाऱ्या ठेवल्या. मग मोठ्या दुकानानं हिशेब केला की पिंपं हिंदुस्थानातून येतात, तर ती याच्या दारात कशाला उतरवायची? आम्हीच आमच्याकडे भरतो, आमची यंत्रं आहेत. तुझी फक्त मिशी आणि हत्ती आम्हाला विक. नाही म्हणालास तर दुसरी मिशी शोधू. त्यानं विकली. भरणाऱ्या बायकाही गेल्या. कारखान्याच्या लाल विटांच्या इमारतीत आता राहायच्या खोल्या होणार होत्या. त्याला दुकानानं पगारावर ठेवलं होतं, पिंपं तपासायला. म्हणजे तोही माझ्या जमातीत आला होता.

“तुझं पत्र आलं,” तो म्हणाला, “तेव्हा मी शेवटचं कुलूप लावत होतो.”

अभिनंदनाचं पत्र. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं मला झालं. पण त्याला राग आलेला दिसत नव्हता. तो म्हणाला, करार तो करार.

काकांना सांगणं भाग होतं. मी सांगितलं. काका आधी माझ्यावरच उखडले, की मला इंग्रजी कळलेलं नाही. मग दुकानदाराच्या सात पिढ्या त्यांनी बाहेर काढल्या.

“पण माल खपतोय ना?” ते म्हणाले. “बाटली मी ह्या हातानं धरली. माल खपतोय नि कारखाना बंद, हे कसं?”

मी कॉमर्सचा पदवीधर, बँकेचा अधिकारी. टाय लावलेला माणूस सभागृहात देतो ते उत्तर मला आज पाठ आहे. त्या दिवशी ते असतं तरी काकांच्या तोंडाकडे बघून मी दिलं नसतं.

“आपण कारखान्याचं मागितलंच नाय,” काका हळूच म्हणाले. “माल म्हटलं, नाव म्हटलं, फळी म्हटली. कारखाना राहू दे, असं कोण म्हणालं? कोणीच नाय. मला वाटलं, माल असला की कारखाना असणारच. ते काय वेगळं मागायचं असतं?” आणि त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, सगळ्यांदेखत.

(पुढे दोन-तीन हंगामांनी आमच्या शेडचंही तेच झालं. दुकानाला आणखी स्वस्त मुलुख सापडला. त्यात नवीन सांगण्यासारखं काही नाही, विकसित देशातल्या उद्योजकानं आम्हाला आधीच करून दाखवलं होतं. कढया तेवढ्या राहिल्या. त्यांत आता जत्रेचा महाप्रसाद शिजतो.)

संध्याकाळी आम्ही देवळात गेलो. साहेबानं या वेळी मला न विचारता पायमोजे काढले. गाठोडं सोडलं. आत घंटा होती, फोटोतली, कारखान्याच्या दारावरची. मी ओळखली, काकांनीही ओळखली. दुकानदारांनी मिशी घेतली, हत्ती घेतला, घंटेची किंमत त्यांच्या यादीत नव्हती. गुरवानं दोरखंड आणला, दोघांनी शिडी धरली आणि सभामंडपाच्या तुळईला ती बांधली. गुरव गाऱ्हाण्याला उभा राहिला आणि त्यानं सवयीनं काकांच्या तोंडाशी कान नेला. काकांनी नकाराची मान हलवली. काय मागावं हे त्यांना कळेनासं झालं होतं. शेवटी गुरवानं नुसता नारळ फोडला.

मी साहेबाला म्हटलं, आता वाजव. नवस तुझा आहे.

त्यानं दोरी धरली. आम्ही देवळात घंटा वाजवतो ती एकदा, फार तर दोनदा, देवाला कळावं एवढी. तो तशी वाजवत नव्हता. तो लांब, सावकाश, एका लयीत वाजवत होता, लांबच्या घरांतही ऐकू जावी अशी, जशी तो रोज सकाळी वाजवत आला होता. आवाज पार खाडीपर्यंत गेला असेल.

रस्त्यापलीकडे शेडमध्ये कढया चढलेल्या होत्या. अवेळी एवढी घंटा का होते म्हणून आमच्या बायका काम टाकून बाहेर आल्या. कोणाच्या हाताला साखरेचा पाक, कोणाच्या हातात झारा, केस उडू नयेत म्हणून साहेबाच्याच सांगण्यावरून डोक्याला बांधलेली पांढरी फडकी. काकू सगळ्यांच्या पुढे. रस्ता ओलांडून त्या देवळाच्या पायरीकडे येऊ लागल्या.

साहेबानं त्यांना पाहिलं आणि दोरी सोडली. कोटाची बटणं लावली. केसांवरून हात फिरवला. त्या पायरीशी येईपर्यंत तो ताठ उभा राहिला.

“गुड मॉर्निंग,” तो म्हणाला.

तेव्हा दिवस बुडायला आला होता. काकूनं मला विचारलं, “काय म्हणतो रे?”